विजेवरची गाडी आणि तिची जागा



मी बदलापूरला राहतो आणि रोज उल्हासनगरला शिकवावयास जातो. आमच्या बदलापूरच्या नावाविषयी एक गोष्ट सांगतात. ती आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. शिवाजी महाराजांचे स्वार या वाटेने जाता-येता येथे थांबत, दमलेली घोडी सोडत, ताजी घोडी घेत आणि पुढे निघत. घोडे बदलावयाचे ठिकाण, म्हणून बदलापूर. इतिहास शिकवणारे माझे मित्र या गोष्टीला पुरावा मागतात. मी पडलो अर्थशास्त्राचा, त्यामुळे मला गोष्ट पुरते. आता अशी कल्पना करा, की एखाद्या स्वाराने आपला घोडा पागेच्या दारातच आडवा बांधला आणि तो निवांत जेवावयास निघून गेला. मागून आलेल्या स्वाराने काय करावे?

आजचा आपला विषय हाच आहे. घोड्याच्या जागी विजेवरची मोटार घाला आणि पागेच्या जागी चार्जर.

विजेवरची गाडी आपल्याला तशी नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धावली, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. आज अंबरनाथ-बदलापूरची हजारो माणसे विजेवरच्या गाडीला लोंबकळूनच पोट भरतात. परंतु लोकलगाडीच्या डोक्यावर तार असते. ती धावता धावता वीज घेते, त्यासाठी तिला कोठे उभे राहावे लागत नाही. रस्त्यावरच्या मोटारीला अशी तार नाही. तिला वीज पोटात साठवून न्यावी लागते, आणि साठा संपत आला की कोठेतरी थांबून तो भरावा लागतो. सारी भानगड या थांबण्यात आहे.

पेट्रोल भरावयास चार-पाच मिनिटे लागतात. पंपावर गाडी लावून कोणी जेवावयास जात नाही. गेला, तर मागचे भोंगे त्याला परत आणतात. विजेचे तसे नाही. हिशेब अगदी सोपा आहे, शाळेतल्या मुलालाही करता येईल. समजा, मोटारीच्या बॅटरीत तीस युनिटे वीज मावते. घरच्या जाड तीन पिनांच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिटे जातात, म्हणजे दहा तास झाले. तीस किलोवॅटचा जलद चार्जर असेल, तर हेच काम तासाभराच्या आसपास होते. त्यातही एक गोम आहे. बॅटरी ऐंशी टक्के भरली की पुढचे वीस टक्के ती सावकाश घेते. पोट भरत आलेला माणूस शेवटचा घास हळूच खातो, तसेच म्हणा. मागे कोणी खोळंबलेला असेल, तर जलद चार्जरवर हे शेवटचे वीस टक्के भरत बसणे बरे दिसत नाही.

तेव्हा तास, दीड तास, कधी रात्रभर गाडी एका जागी उभी राहणार. इतका वेळ उभी असलेली गाडी आणि पार्क करून ठेवलेली गाडी, या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. घोटाळा येथे होतो. बघणाऱ्याला वाटते, ही पार्किंगची जागा आहे. गाडीवाल्यालाही थोड्या दिवसांनी तसेच वाटू लागते.

आपल्या प्रत्येक गावात पिठाची गिरणी आहे. तेथे डबे रांगेने ठेवलेले असतात. डबा ठेवून बाई घरी गेली तरी तिचा नंबर जात नाही. परंतु दळण झाले की गिरणीवाला डबा बाजूला सरकवतो आणि पुढचा डबा लावतो. दळलेल्या पिठाचा डबा पट्ट्याखाली अडवून ठेवण्याचा हक्क आजवर कोणी सांगितलेला मी ऐकला नाही. डबा पितळेचा की पत्र्याचा, हेही गिरणीवाला पाहत नाही. चार्जरवर मात्र डबा सरकवणारा कोणी नसतो. गाडीला कुलूप असते आणि किल्ली मालकाच्या खिशात असते.

हे मी शहाणपणाने सांगत आहे असे समजू नका. माझ्या हातून जे घडले, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी विजेवरची मोटार घेतली. हिरव्या पाटीचा मला थोडा अभिमानही वाटत होता, तो लपवीत नाही. ही हिरवी पाटी २०१८ सालच्या अधिसूचनेने आली. खाजगी गाडी असेल तर हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाड्याची असेल तर हिरव्यावर पिवळी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावे कल्याणच्या परिवहन कार्यालयाखाली येतात, म्हणून आमच्या पाट्यांवर एमएच ०५ असते.

तर, मे महिन्यातला रविवार होता आणि अंबरनाथला आमच्या नात्यात लग्न होते. कार्यालयापासून थोड्या अंतरावर एक जलद चार्जर होता. गाडी लावली, वायर जोडली, आणि मंगलाष्टकांना गेलो. पाऊण-एक तासात गाडी भरली असणार. मोबाइलवर तसा संदेशही आला होता, परंतु बँडच्या आवाजात तो ऐकतो कोण! मग पंगत झाली, पान झाले, जुन्या ओळखी निघाल्या. अडीच तासांनी परत येतो, तो माझ्या गाडीच्या मागे विजेवर चालणारा एक लहान चारचाकी टेम्पो उभा. त्यात जीन्सच्या पँटींचे गठ्ठे होते. उल्हासनगरच्या पाच नंबरातून भिवंडीच्या गोदामात ते पोचवावयाचे होते. अंबरनाथचे एक काम उरकून तो माणूस चार्जरवर आला होता, आणि बॅटरीत सहा टक्के उरले होते. तो दीड तास तेथे बसून होता. गोदामाचे फाटक ठरल्या वेळी बंद होते, आणि ती वेळ टळून गेली होती. त्या दिवसाचे भाडे बुडाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीचेही बुडणार होते, कारण आधी हा माल उतरवावयास हवा.

मी म्हटले, "दादा, फार चुकले माझे."

तो म्हणाला, "साहेब, पेट्रोलची गाडी असती तर भांडलो असतो. तुमची गाडी हिरव्या पाटीची. म्हटलं, भरत असेल अजून, थांबू या."

या वाक्याने मला जितके लागले, तितके त्याने शिव्या घातल्या असत्या तरी लागले नसते. हिरव्या पाटीमुळे त्याने माझ्यावर विश्वास टाकला, आणि त्या विश्वासाने त्याचा दीड तास खाल्ला. तोवर मी असे समजत होतो, की ही जागा विजेच्या गाड्यांची आहे आणि पेट्रोलवाल्यांनी ती अडवू नये, एवढाच नियम. तो नियम अपुरा आहे. ही जागा विजेच्या गाडीचीही नाही. ज्या गाडीत या घडीला वीज भरली जात आहे, त्या गाडीची ती आहे. भरणे संपले की माझा हक्क संपला, पाटी कोणत्याही रंगाची असो.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहू. आपला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. चार्जिंगच्या जागेसाठी त्यात वेगळे कलम नाही. परंतु पार्किंगच्या जागा ठरविण्याची तरतूद कलम ११७ मध्ये आहे, त्या दाखविणाऱ्या खुणा उभारण्याची कलम ११६ मध्ये. मनाई असलेल्या जागी गाडी ठेवली, तर गणवेशातील पोलीस अधिकारी कलम १२७ खाली ती ओढून नेण्यास सांगू शकतो. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा नेमलेली नाही, त्याला कलम १७७ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सार्वजनिक रस्त्यावर एखाद्याने जमिनीला हिरवा रंग फासला आणि 'फक्त ई-वाहनांसाठी' असे लिहिले, म्हणजे कायदा झाला असे नाही. ती जागा योग्य त्या अधिकाऱ्याने, नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या विचाराने ठरविली पाहिजे, आणि रीतसर फलक लागला पाहिजे. तोपर्यंत तो रंग म्हणजे एक विनंती आहे. विनंती मोडणाऱ्याला आपण नावे ठेवू शकतो, पण दंड करू शकत नाही. आपली तिन्ही गावे ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत. तेव्हा नगरपालिका आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र बसून या जागा ठरविल्या, तर कायद्याची अडचण काही नाही. मॉलचे तळघर, कारखान्याचे किंवा सोसायटीचे आवार, हा निराळा प्रकार. तेथे जागेच्या मालकाचा नियम चालतो, आणि तो त्याने आधी लिहून लावला पाहिजे.

परदेशात काही ठिकाणी हे स्पष्ट लिहिलेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात नुसती विजेची गाडी असून भागत नाही, ती चार्जिंगसाठी जोडलेली असावी लागते. जर्मनीने २०१५ साली वेगळा कायदा करून नगरपालिकांना विजेच्या गाड्यांसाठी जागा राखण्याची मुभा दिली. टेस्ला या मोटार कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपल्या चार्जरवर निराळाच उपाय काढला. गाडी भरल्यावरही तेथेच उभी राहिली, तर मिनिटागणिक भाडे. पैशाचे मीटर पळू लागले की माणसाचे पान लवकर चघळून होते, हे अर्थशास्त्रात वेगळे शिकवावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला खरा वाटतो. उल्हासनगरचा माणूस म्हणेल, "मास्तर, इथे माणसाला उभे राहायला जागा नाही आणि तुम्ही रिकाम्या जागा राखून ठेवायच्या गोष्टी करता!" हे शहर वसले कसे, ते आपल्याला ठाऊक आहे. लष्कराच्या छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. आजही लोक पत्ता सांगताना एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर असे छावणीचेच आकडे सांगतात. क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. एका बराकीच्या जागेत घर, दुकान आणि शिवणयंत्रे असा तिहेरी संसार चालतो. तेथे मोटारीला अंगण कोठून आणावे?

परंतु याच कारणाने तेथे नियम अधिक हवा. ज्याच्या बंगल्यात गाडीघर आहे, तो रात्री घरीच वीज भरतो. त्याला बाहेरचा चार्जर कधीमधी लागतो. ज्याला घरी जागा नाही, त्या रिक्षावाल्याचा आणि टेम्पोवाल्याचा सगळा धंदा बाहेरच्या चार्जरवर. केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०१८ मध्ये शहरात तीन किलोमीटर लांब आणि तीन रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन असावे, असे म्हटले होते. त्या मापाने उल्हासनगरच्या वाट्याला दीड चौकोन येतो! २०२४ च्या सूचनांत हे माप एक किलोमीटरवर आणले असून त्यासाठी २०३० पर्यंतची मुदत ठेवली आहे. तेरा चौकोन झाले, तरी पाच लाखांच्या वस्तीत ते मोजकेच. मोजक्या वस्तूला रांग हवी आणि रांगेला नियम हवा.

मात्र आक्षेप घेणाऱ्याचे अर्धे म्हणणे आपण मान्य करू या. चार्जर बंद पडलेला आहे, यंत्राचा पडदा काळा झाला आहे, महिनोन्महिने दुरुस्तीला कोणी फिरकलेले नाही, आणि तरी त्यापुढची जागा साखळी लावून राखून ठेवलेली आहे, हे मला पटत नाही. चालू नसलेल्या चार्जरची जागा लोकांना वापरू द्यावी. नाहीतर खऱ्या फलकाचाही मान जातो.

मग फलकावर लिहावे काय? मला विचाराल तर पहिली ओळ अशी: 'वीज भरत असेपर्यंतच गाडी ठेवावी.' 'फक्त ई-वाहनांसाठी' या शब्दांनी माझ्यासारख्याला मोकळे रान मिळते. नंतर वेळेची मर्यादा, आणि ती चार्जर पाहून. जलद चार्जरवर एक तास पुरेसा आहे. संथ चार्जरवर तास ठरवणे व्यर्थ. तेथे दिवसा चार तास आणि रात्री मोकळीक असावी, कारण पहाटे दोनला उठून कोणी गाडी हलवणार नाही आणि त्या वेळी मागे कोणी उभाही नसतो. तिसरी गोष्ट फलकावर नाही लिहिली तरी चालेल, पण गाडीत हवी. एका पुठ्ठ्यावर आपला फोन नंबर आणि निघण्याची वेळ लिहून तो काचेमागे ठेवावा. हा पुठ्ठा मी त्या रविवारनंतर केला. आणखी एक सांगतो. दुसऱ्याच्या गाडीची वायर आपल्या हाताने ओढून काढू नये. बहुतेक मोटारींत ती आतून अडकलेली असते, जोर लावला की खिट्टी मोडते आणि चार्जरच निकामी होतो. आधी फोन करावा.

बदलापुरातल्या सोसायट्यांत दुसरीच लढाई चालते. इमारतीखाली खांबांच्या मध्ये दहा-बारा गाड्यांची जागा, वर चाळीस बिऱ्हाडे. एक सभासद म्हणतो, माझ्या मीटरवरून माझ्या जागेपर्यंत वायर नेतो. सेक्रेटरी म्हणतात, आग लागली तर? दोघांचेही बरोबर आहे. घरी गाडी चार्ज करण्यास वीज मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे मुभा आहे, आणि घरची जोडणी त्यासाठी वापरता येते. परंतु मीटरचा भार तेवढा मंजूर हवा, अर्थिंग पक्के हवे, वायर योग्य जाडीची हवी आणि काम परवानाधारक वायरमनकडून झालेले हवे. बाजाराची एक्स्टेन्शन बोर्डाची दोरी खिडकीतून खाली सोडणे हा चार्जिंगचा मार्ग नव्हे. जागेविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगून ठेवले आहे, की खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. ती संस्थेच्या सामाईक भागात मोडते. म्हणून सोसायटीने एक जागा सामाईक चार्जिंगला ठेवली, तर ज्याने चार्जर बसवण्यास पहिली वर्गणी दिली त्याची ती मालकी होत नाही. तेथेही वीज भरली की गाडी बाहेर.

आणि पावसाळा. उल्हास नदी काय करते, ते आपण २००५ मध्ये पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. नदीकाठच्या सोसायट्यांनी चार्जरची पेटी पुराच्या खुणेच्या वर बसवावी आणि पाणी चढू लागताच मुख्य बटण बंद करावे. बुडालेली गाडी जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावूच नये.

आता थोडे खेड्यापाड्यांतील श्रोत्यांसाठी. मुरबाडकडच्या आणि बारवीच्या बाजूच्या शाळांतून बरेच शिक्षक आता विजेच्या स्कूटरने येतात. स्कूटरची बॅटरी लहान, तीन-एक युनिटांची. दुपारी शाळेच्या सॉकेटला लावली की परतीची सोय झाली. पण बंधू-भगिनींनो, ते मीटर शाळेचे आहे. मुख्याध्यापकांना विचारून, महिन्याचे पैसे ठरवून आणि वहीत लिहून वीज घ्यावी. वायर वर्गाच्या दारातून वा पाण्याच्या टाकीजवळून जाऊ नये, तेथे मुले असतात. एकाच सॉकेटवर तिघांच्या स्कूटरी असतील तर पाळी लावावी. कोणाला लांब जावयाचे आहे, त्याची आधी.

रस्त्याकडेला ज्यांचे हॉटेल किंवा टपरी आहे, त्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी शंका होती, की दुसऱ्याच्या गाडीत पैसे घेऊन वीज भरली तर ती वीज विकणे होते आणि त्याला परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये वीज मंत्रालयाने खुलासा केला, की चार्जिंग ही सेवा आहे, त्याला वीज कायद्याखालचा परवाना नको. महावितरणकडून रीतसर जोडणी घेऊन सुरक्षेचे नियम पाळले की हे काम कोणालाही करता येते. चार्जिंगसाठी विजेचा दरही वेगळा आहे. तेव्हा कर्जत रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलवाल्याने चार्जर लावला आणि त्याच्या पुढच्या जागेचा नियम पहिल्या दिवसापासून फलकावर लिहिला, तर गिऱ्हाइकाशी वाद होणार नाही. नियम मागाहून लिहिला, की जुन्या गिऱ्हाइकाला तो आपल्यासाठीच काढला असे वाटते.

माझ्या पुठ्ठ्याचे काय झाले, ते सांगून थांबतो. परवा कॉलेजजवळच्या चार्जरवर गाडी लावून मी तासावर गेलो होतो. मागणी आणि पुरवठा शिकवीत होतो. फळ्यावर आलेख अर्धा झाला होता, तोच फोन वाजला. पलीकडे कोणी रिक्षावाला होता. "काका, तुमची गाडी भरली आहे, आणि माझी संपली आहे." वर्ग हसला. मी खडू टेबलावर ठेवला आणि किल्ली घेऊन खाली गेलो. परत येईपर्यंत सात मिनिटे गेली. तो आलेख मुलांनी पूर्ण करून ठेवला होता, एका रेषेपुरता चुकीचा.